हैबतबाबांची निवृत्ती

कीर्तन आटोपले, बुक्का-प्रसाद झाला, की पेन्शनीत निघालेली चार-दोन मंडळी आमच्याजवळ येऊन टेकतात. कोणी मास्तर, कोणी तलाठी, कोणी एसटीतले. बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच असते, की बुवा, नोकरीत दिवस पुरत नव्हता आणि आता सरत नाही. अशा वेळी आम्ही त्यांना श्रीगुरू हैबतबाबांचे चरित्र सांगतो. माउलींच्या पालखी सोहळ्याचे जनक म्हणून बाबा साऱ्या वारकऱ्यांस ठाऊक आहेत. परंतु चाकरी सोडून आलेला एक प्रपंची माणूस म्हणून त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

बाबांचे गाव साताऱ्याजवळचे आरफळ, आडनाव पवार. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी त्यांनी सरदारकी केली, मान मिळवला, द्रव्यही मिळवले. पुढे चाकरी पुरे झाली असे वाटून ते सगळी मिळकत बरोबर घेऊन गावाकडे निघाले. आता घर, शेतीवाडी, ओसरीवर बसणे. तुमच्या-आमच्या मनात जे असते तेच त्यांच्याही मनात असणार! पण सातपुड्यात भिल्लांनी गाठले. द्रव्य लुटले, आणि बाबांना गुहेत कोंडून तोंडाशी धोंडा लावला. ज्याने जन्मभर हुकूम सोडले, त्याच्या हाती अंधाराखेरीज काही उरले नाही. तेथे त्यांनी हरिपाठ धरला. परंपरेत असे सांगतात की एकविसाव्या दिवशी भिल्लांच्या नायकाला पुत्र झाला. त्या आनंदात धोंडा बाजूला सारला, तो आत नामस्मरण चाललेले. नायकाने पाय धरले आणि द्रव्यासह बाबांना वाटेला लावले.

पाठशाळेत शास्त्रीबुवांनी आमच्याकडून धातू घोकून घेतले होते, त्यात वृत् हा एक. त्याला नि लागला की मागे वळणे, परतणे असा अर्थ होतो. निवृत्तीचा अर्थ नुसते थांबणे असा आम्ही करीत नाही तो याचमुळे. बाबा ग्वाल्हेरहून वळले ही पहिली निवृत्ती, ती कोणालाही साधते. सातपुड्यातून सुटल्यावर आरफळची वाट सोडून ते आळंदीला आले, ही दुसरी. थैली परत मिळालेली, घर वाट पाहत असलेले, आणि हा गृहस्थ इंद्रायणीकाठी येऊन राहतो! बायकामुलांच्या जिवाला त्या वेळी काय वाटले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. चरित्र सांगताना पुष्कळ बुवा येथून भरभर पुढे जातात. आम्हांला तसे जाववत नाही.

आळंदीत बाबांचा क्रम कसा होता? शेजारती झाली, देव निजले, की हे माउलींसमोर भजनाला उभे राहत ते थेट काकड्यापर्यंत. लोक याला मोठे तप म्हणतात. म्हणोत बापडे. आम्हांला यात सुखच जास्त दिसते. छावणीत रात्र म्हणजे पहारा, कान सदा बाहेर लागलेले. येथेही रात्र जागायचीच, पण भय कोणाचे नाही. पहाटे इंद्रायणीचे गार पाणी अंगावर घ्यावे, काकड्याचा उजेड पाहावा, टाळ घ्यावा. याला सरदारकी लागत नाही, पैसाही लागत नाही.

तथापि हाडाचा शिपाई गप्प बसत नाही. पूर्वी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीला जात. देहूच्या नारायणमहाराजांनी १६८५ साली ती रीत घातली होती. पुढे १८३२ च्या सुमारास बाबांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र काढला. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, तंबू दिला, नैवेद्याची व्यवस्था लावली. वासकर, शेडगे आदी दिंडीकरी मंडळी पाठीशी उभी राहिली. या सोहळ्यात छावणीचा सगळा थाट आहे, पाहा! पुढे नगारखाना, मग अश्व, रथापुढच्या सत्तावीस दिंड्या क्रमाने, बाकीच्या मागे. पहिला कर्णा झाला की आवरायचे, दुसऱ्याला जागेवर उभे राहायचे, तिसऱ्याला चालू लागायचे. रात्री तळावर समाजआरतीला चोपदाराने दंड उंच केला की हजारो टाळ एका क्षणात मुके होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तेथे जाऊन ऐकून घेतो. कोणाचे धोतर हरवले, कोणाला तांब्या सापडला, हेही तेथेच पुकारतात. ग्वाल्हेरला शिकलेली विद्या बाबांनी टाकून दिली नाही. ती वैष्णवांच्या कामाला लावली, आणि स्वतः त्या रांगेत नाचत चालले.

मास्तर लोकांना आम्ही हेच सांगतो, की बाबांनो, तुमची खडू-फळ्याची विद्या तळावर पोरांना हरिपाठ शिकवायला चालते. तलाठीबुवांनी दिंडीचा शिधा-हिशेब लिहावा. एका निवृत्त कंडक्टराने आमच्या दिंडीत सामानाच्या ट्रकची व्यवस्था अशी लावली, की आता पिशवी म्हणून हरवत नाही. दुपारच्या विसाव्याला तो झाडाखाली कांदा फोडून भाकर खातो, तेव्हा त्याचे तोंड पाहावे.

आम्हीही अलीकडे लांबची कीर्तने बंद केली आहेत. गुडघे ऐकत नाहीत. कार्तिक वद्य अष्टमीला मात्र आळंदी चुकवीत नाही. महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीचे पूजन होते आणि मगच माउलींच्या समाधीचा सोहळा सुरू होतो. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय आपल्यावरून जावा, अशा जागी बाबांनी आपली समाधी मागून घेतली असे सांगतात. यंदा पूजन झाल्यावर गर्दी ओसरेपर्यंत आम्ही कडेला काठी टेकून बसलो. शेजारच्या एका म्हाताऱ्या माळकरणीने पदराची गाठ सोडून चार शेंगदाणे आणि गुळाचा खडा आमच्या हातावर ठेवला. ऊन अंगावर येईपर्यंत आम्ही दोघे तेथेच खात बसलो होतो.