लोखंडाच्या भट्टीपासून चिनीमातीच्या कपाटापर्यंत

संग्राहक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. भरपूर पैसा, रिकामा वेळ आणि काचेच्या कपाटात मांडलेल्या, कोणी हात लावू नये अशा वस्तू. त्यातून अठराव्या शतकातील इंग्लिश चिनीमातीच्या बाहुल्या, कपबश्या आणि अत्तराच्या कुप्या जमवणारी एखाद्या अर्लची कन्या असेल, तर हे चित्र अधिकच पक्के होते. लेडी शार्लट श्रायबर यांचे चरित्र वाचू लागले की मात्र ते टिकत नाही. संग्रहाला हात घालण्यापूर्वी या बाईंनी त्या काळच्या जगातील सर्वांत मोठ्या लोखंडाच्या कारखान्याचे हिशेब सांभाळले होते, परक्या भाषेतील मध्ययुगीन कथा इंग्रजीत आणल्या होत्या आणि दहा मुलांना जन्म दिला होता. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने चिनीमातीवर का लिहावे, असे कोणाला वाटले असेल तर त्याचे उत्तर या चरित्रातच आहे.

शार्लटचा जन्म १९ मे १८१२ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात अफिंग्टन येथे झाला. वडील लिंडसीचे नववे अर्ल. ती सहा वर्षांची असताना ते वारले. १८२१ साली आईने एका धर्मोपदेशकाशी पुनर्विवाह केला. सावत्र वडिलांशी शार्लटचे कधीच जुळले नाही. त्या एकाकी मुलीने पुस्तकांत आसरा शोधला. फ्रेंच, जर्मन, इटालियन तर ती शिकलीच, पण अरबी, हिब्रू आणि फारसी या भाषाही तिने स्वतःच्या हौसेने अभ्यासल्या. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास तिने रोजनिशी लिहायला घेतली आणि जवळजवळ ऐंशीव्या वर्षापर्यंत ती चालू ठेवली. सगळे लिहून ठेवायचे, ही सवय पुढे तिच्या फार उपयोगी पडली.

१८३३ साली, एकविसाव्या वर्षी तिने जॉन जोसाया गेस्ट यांच्याशी विवाह केला. ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. दक्षिण वेल्समधील मर्थर टिडफिलजवळचा डौलेस येथील लोखंडाचा कारखाना त्यांच्याकडे होता आणि ते मर्थरचे पार्लमेंटमधील पहिले प्रतिनिधी होते. पैसा मुबलक होता. परंतु लंडनच्या उच्चभ्रू समाजात कारखानदार म्हणजे अखेर धंदेवाला. अर्लच्या मुलीने धंदेवाल्याच्या घरी जावे, हे अनेकांना रुचले नाही. लेडी शार्लट यांनी धंद्याची लाज बाळगली नाही. उलट धंदा शिकून घेतला. पतीचा पत्रव्यवहार त्या पाहू लागल्या, वह्या तपासू लागल्या. भट्टीत थंड हवेऐवजी तापवलेली हवा सोडली तर इंधन कमी लागते, ही त्या काळची नवी पद्धत होती. त्या विषयावरील एक फ्रेंच पुस्तिका त्यांनी इंग्रजीत उतरवली.

तो रेल्वेचा काळ होता. देशोदेशी रूळ टाकले जात होते आणि त्यांतील कितीतरी डौलेसच्या भट्ट्यांतून निघत होते. १८४५ च्या सुमारास तेथे १८ झोतभट्ट्या पेटत होत्या आणि सात हजारांहून अधिक माणसे कामाला होती. या कारखान्याच्या मालकिणीला तेथील मजुरांची भाषा मात्र येत नव्हती. मजूर वेल्श बोलत, मालक इंग्रजी.

मराठी शाळेत शिकून बाजारात कन्नड बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना पुढचा भाग विशेष जवळचा वाटेल. ज्यांच्या हाती सत्ता असते ते सहसा दुसऱ्याची भाषा शिकत नाहीत. दुसऱ्यांनी आपली शिकावी अशी त्यांची अपेक्षा असते. लेडी शार्लट वेल्श शिकल्या. केवळ नोकरांना हुकूम देण्यापुरती नव्हे, तर जुन्या पोथ्या वाचता येण्याइतकी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ‘रेड बुक ऑफ हर्जेस्ट’ या हस्तलिखितातील कथांची नक्कल त्यांनी मिळवली. टॉमस प्राइस आणि जॉन जोन्स या वेल्श पंडितांचे साहाय्य घेऊन त्यांनी मूळ वेल्श पाठ व इंग्रजी भाषांतर १८३८ ते १८४५ या काळात सात भागांत प्रसिद्ध केले. १८४९ साली ते तीन खंडांत निघाले. हेच ‘मॅबिनोगियन’. याच वर्षांत त्यांची बाळंतपणे चालू होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या चिकाटीची कल्पना येते. मुलांसाठी म्हणून सिद्ध केलेल्या या भाषांतरात त्यांना अप्रशस्त वाटलेले काही भाग त्यांनी गाळले, हेही नोंदवले पाहिजे. तरीही या भाषांतराने वेल्श कथांना जगभर वाचक मिळवून दिले. आणि हे केव्हा? १८४७ साली वेल्समधील शिक्षणाविषयी एक सरकारी अहवाल निघाला आणि त्यात वेल्श भाषा म्हणजे प्रगतीच्या वाटेतील धोंड ठरवली गेली, त्या काळात.

मात्र त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. डौलेस ही केवळ कथांची भूमी नव्हती. तेथे मजुरांच्या दाट वस्त्या होत्या, स्वच्छ पाण्याची वानवा होती. १८४९ च्या पटकीत मर्थर परिसरात हजारांहून अधिक माणसे दगावली. गेस्ट दांपत्याने शाळा काढल्या, प्रौढांच्या शिक्षणाची सोय केली. पण त्या भट्ट्यांच्या उत्पन्नातूनच १८४६ साली डॉर्सेटमधील कॅनफर्ड येथील प्रचंड वाडा विकत घेतला गेला. १८५२ साली जॉन गेस्ट वारले आणि कारभार लेडी शार्लट यांच्या हाती आला. एका स्त्रीने एवढा मोठा कारखाना चालवणे ही तेव्हा अपूर्व गोष्ट होती. परंतु १८५३ साली मजुरांनी वाढीव वेतनासाठी संप केला तेव्हा त्यांनी इतर कारखानदारांचीच साथ केली. मजुरांची भाषा शिकलेली मालकीणही शेवटी मालकीणच राहिली. त्यांच्या चरित्रातील हा सल मला गाळावासा वाटत नाही.

१८५५ साली त्यांनी मुलाचे शिक्षक चार्ल्स श्रायबर यांच्याशी विवाह केला. ते केंब्रिजचे विद्वान होते आणि त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. पुन्हा समाजाने नाके मुरडली. कारखान्याचा कारभार विश्वस्तांकडे गेला. हिशेबाच्या वह्या, बाजारभाव आणि माणसांची पारख यांत मुरलेली एक बुद्धी आता मोकळी झाली. १८६५ च्या सुमारास ती चिनीमातीकडे वळली.

येथे थोडे चिनीमातीविषयी सांगितले पाहिजे. खानापूरची मातीची भांडी आणि घरातील लोणच्याची बरणी आपल्या परिचयाची आहेत. पण खरी चिनीमाती म्हणजे पांढरीशुभ्र, उजेडासमोर धरली असता प्रकाश आरपार जाऊ देणारी. तिचे रहस्य चीनने शतकानुशतके जपले. युरोपात जर्मनीतील माइसेन येथे १७१० साली तिचा कारखाना सुरू झाला. इंग्लंडमध्ये चेल्सी, बो, डर्बी, वूस्टर येथे १७४० नंतरच्या काळात कारखाने निघाले. त्यांच्याजवळ चिनी कृती नव्हती. मग कोणी मिश्रणात काच घातली, बोच्या कारागिरांनी जाळलेल्या हाडांची राख घातली, वूस्टरने शंखजिऱ्यासारखा मऊ दगड वापरला. ही माती भट्टीत दगा देई. भांडी वाकत, तडकत, नुकसान होई. चेल्सीचा प्रसिद्ध कारखाना निकोलस स्प्रिमाँ या मूळच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने नावारूपाला आणला, पण १७७० साली तो डर्बीच्या विल्यम ड्यूझबरीच्या ताब्यात गेला. म्हणजे लेडी शार्लट ज्या वस्तू शोधत होत्या, त्यांतील पुष्कळशा शंभर वर्षांपूर्वी बंद पडलेल्या किंवा बुडालेल्या धंद्यांच्या होत्या. त्यांचा पद्धतशीर अभ्यास तेव्हा नुकताच सुरू झाला होता.

श्रायबर पतिपत्नींनी १८६९ पासून युरोप पालथा घातला. हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, स्पेन, पोर्तुगाल, तुर्कस्तान. बड्या व्यापाऱ्यांच्या दालनांबरोबरच जुन्या बाजारातील अंधाऱ्या दुकानांतही त्या शिरत. कोणती वस्तू, कोणत्या गावी, किती किमतीला, हे रोजनिशीत उतरे. जिन्नस विकत घ्यायचा तर आधी त्याची जात ओळखायची, हा त्यांचा नियम. चेल्सीच्या वस्तूंवर नांगराची खूण असते. आधी उठावाचा नांगर, नंतर तांबडा, त्यानंतर सोनेरी. परंतु केवळ खुणेवर विसंबणारा फसतो. पॅरिसमध्ये सॅमसन यांचा कारखाना जुन्या मालाच्या हुबेहूब नकला करत होता आणि त्यांवर सोनेरी नांगरही असे. तेव्हा खुणेपेक्षा मातीकडे पाहायचे. चेल्सीच्या तांबड्या नांगराच्या काळातील बशी दिव्यासमोर धरली तर तिच्या अंगात चंद्रासारखे उजळ ठिपके दिसतात. ते मातीत अडकलेल्या हवेचे बुडबुडे. नक्कल करणाऱ्याला नांगर रंगवता येतो, हे चंद्र उगवता येत नाहीत.

त्यांच्या आवडीत दागिन्यांच्या जातीच्या वस्तूही होत्या. चेल्सीचे कारागीर बोटभर उंचीच्या अत्तराच्या कुप्या, मोहरा, गोळ्या ठेवण्याच्या डब्या करत आणि त्यांना सोन्याचे कोंदण असे. त्या काळच्या स्त्रिया अशा वस्तू कमरेच्या साखळीला अडकवत. तांब्यावर मिन्याचे काम केलेल्या तपकिरीच्या डब्या आणि सुया-कात्री ठेवायची घरेही त्यांनी जमवली.

१८८४ च्या मार्चमध्ये लिस्बन येथे चार्ल्स श्रायबर यांचे निधन झाले. लेडी शार्लट बहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होत्या. पतीच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लिश चिनीमाती, मिनाकाम व काचकाम असा सुमारे अठराशे वस्तूंचा संग्रह लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाला देऊन टाकला. हेच आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. नुसता दिला नाही, तर एकेक वस्तू तपासून त्याची सूची स्वतः तयार केली. ती १८८५ साली छापली गेली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पुरा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. आयुष्याचा बहुतेक काळ ज्या स्त्रीच्या हातून अफाट संपत्ती गेली, तिला कायद्याने त्यातले फारसे काही आपले म्हणता येत नव्हते.

त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. त्यांनी पंख्यांचा संग्रह केला, त्यावर १८८८ आणि १८९० साली दोन मोठे ग्रंथ काढले आणि १८९१ साली तो ब्रिटिश म्युझियमला दिला. खेळण्याच्या पत्त्यांवर तीन खंड सिद्ध केले. ते पत्तेही त्याच संग्रहालयात गेले. तोवर दृष्टी जवळजवळ गेली होती. आयुष्यभर डोळ्यांनी पारख केलेल्या या बाई अखेरच्या काळात लंडनच्या गाडीवानांसाठी लोकरीचे गळपट्टे विणत बसत. १५ जानेवारी १८९५ रोजी कॅनफर्ड येथे त्यांचे देहावसान झाले. संग्राहक म्हणून केलेल्या प्रवासाच्या त्यांच्या नोंदी पुत्र माँटेग्यू यांनी १९११ साली प्रसिद्ध केल्या.

कॅनफर्डच्या त्या वाड्यात १९२३ साली शाळा सुरू झाली. लेडी शार्लट यांच्या आईच्या माहेरचे नातलग लेयार्ड यांनी निमरूदच्या उत्खननातून आणलेली असीरियन शिल्पे या वाड्यात होती. त्यांतील एक शिलापट शाळेच्या खाऊच्या दुकानात भिंतीवर रंगाखाली तसाच राहिला, कारण सर्वांना ती नक्कल वाटत होती. तो अस्सल असल्याचे उमगले आणि १९९४ साली लिलावात त्याला ७७ लाख पौंड आले. ज्या वस्तूची ओळख पुसली गेली ती मिठाईच्या दुकानाची भिंत झाली. ज्या वस्तूंची सूची झाली त्यांतील अत्तराची इवलीशी कुपीसुद्धा आपला क्रमांक घेऊन सुरक्षित राहिली.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना जमा आणि नावे अशा दोन बाजू शिकवतात. लेडी शार्लट यांच्या खात्यात एका बाजूला डौलेसच्या मजुरांचा घाम आहे, तर दुसऱ्या बाजूला सर्वांसाठी खुला झालेला संग्रह आणि एका उपेक्षित भाषेची सेवा. या दोन बेरजा जुळतात असे मला वाटत नाही. आणि त्या ओढूनताणून जुळवू नयेत. पण खाते वाचता येते, कारण त्यांनी स्वतः ते लिहून ठेवले.

आपल्याकडे हीच गोष्ट राहून जाते. आजीची ठुशी किंवा बोरमाळ मोडीत घालून नवा दागिना करताना सोनार वजन लिहितो, घट लिहितो, दर लिहितो. ती कोणी घडवली, कोणत्या गावी, कोणाच्या लग्नात, हे कोणत्याच पावतीवर येत नाही. आजी असते तोवर ते विचारता येते. संग्रहालय उभारण्याइतका पैसा आपल्याजवळ नसेल. परंतु एक वही आणि एक पेन्सिल प्रत्येकाजवळ आहे.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष वाणिज्य