पाठीवरचं लेकरू

बारामती-इंदापूरहून एसटीनं पुण्याला जाताना हडपसर लागतं. पुढच्या वेळी तिथून जाताना एक गोष्ट आठवा.

१८९७ साल. पुण्यात प्लेग पसरला होता. लागणीच्या भीतीनं आजाऱ्याजवळ जायला कुणी धजत नव्हतं. सावित्रीबाई फुले तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या, जोतीराव जाऊन सहा वर्षं झाली होती. एका विधवेचं बाळ दोघांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं होतं. तोच यशवंत आता डॉक्टर झाला होता. सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ माळावर दवाखाना सुरू केला.

मुंढव्यात गावकुसाबाहेरच्या वस्तीत बाबाजी गायकवाडांचा पांडुरंग प्लेगनं आजारी पडला. तेव्हा कुठली आलीय ॲम्ब्युलन्स? सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि थेट यशवंतचा दवाखाना गाठला. पोरगं वाचलं. त्यांना मात्र लागण झाली. १० मार्चला त्या गेल्या.

कोविडमध्ये बेडसाठी आईबापांची पळापळ तुम्ही पाहिलीय. ती पळापळ सावित्रीबाईंनी दुसऱ्याच्या लेकरासाठी केली. ‘पहिली शिक्षिका’ एवढंच पाठ केलं असेल, तर मुंढवा-हडपसर ही वाटही लक्षात ठेवा.