चार खाटा, दोन नर्सेस

'नर्स' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. पांढरा ड्रेस, हातात ट्रे आणि डॉक्टरांच्या मागे दोन पावलं अंतर ठेवून चालणारी एक बाई. डॉक्टर सांगणार, नर्स ऐकणार. सिनेमात तसंच, आणि खरं सांगायचं तर आपल्या घरातही तसंच. बारावीला बायोलॉजी घेतलेल्या मुलीला कोणी नर्सिंग कर म्हटलं, तर तो सल्ला वाटत नाही, टोमणा वाटतो. एम.बी.बी.एस.ला नंबर लागला नाही, बी.डी.एस. हुकलं, बी.ए.एम.एस.पण गेलं, मग उरलं काय, तर नर्सिंग! आपल्याकडे ब्रँच मिळताना जसं होतं ना, अगदी तसंच.

पण मित्रांनो, याच नागपुरात शंभर वर्षांपूर्वी दोन नर्सेसनी कोणत्याही डॉक्टरच्या मागे न चालता स्वतःचं प्रसूतिगृह काढलं होतं. त्यातल्या एकीचं नाव कमलाताई होस्पेट आणि दुसरीचं वेणूताई नेने. त्यांच्या संस्थेचं नाव मातृसेवा संघ. जुन्या नागपूरकरांना हे नाव सांगावं लागत नाही. तुमच्या वर्गातल्या एखाद्या अस्सल नागपूरकर मित्राच्या आजीला विचारून बघा. मुलांपैकी एखाद्याचा जन्म मातृसेवा संघातला निघण्याची बरीच शक्यता आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे आम्हाला फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा धडा होता. क्रिमियाचं युद्ध, हातात दिवा घेऊन रात्री वॉर्डातून फिरणारी बाई, सगळं पाठ होतं. नाइटिंगेल मोठीच होती, प्रश्न नाही. पण तिच्यासारखंच, किंबहुना तिच्यापेक्षा कठीण परिस्थितीतून आलेलं एक माणूस आपल्या बर्डीवर काम करून गेलं, हे मात्र मला कॉलेजात येईपर्यंत माहीत नव्हतं.

कमलाताईंचा जन्म १८९६ सालचा. माहेरचं आडनाव मोहोनी. योगायोग बघा, याच साली पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. तेव्हाच्या रीतीप्रमाणे कमलाताईंचं लग्न खेळण्याच्या वयात झालं आणि त्या होस्पेटांच्या घरी आल्या. संसार म्हणजे काय हे कळायच्या आतच पती वारले. आज आपण ज्या वयात दहावी-अकरावीच्या क्लासला सायकलनं जातो, त्या वयात ही मुलगी विधवा झाली होती.

त्या काळी विधवा होणं म्हणजे काय, हे आपल्याला फक्त इतिहासाच्या पुस्तकातून माहीत. पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता, पण कायदा कागदावर आणि घर घराच्या जागी. अंगावर ठरावीक लुगडं, शुभकार्यात तोंड दाखवायचं नाही, माजघरात राबायचं आणि दुसऱ्यांच्या मुलांना वाढवत म्हातारं व्हायचं. बालविवाह रोखणारा शारदा कायदासुद्धा १९२९ चा, म्हणजे कमलाताईंच्या दृष्टीनं फार उशिराचा.

कमलाताईंनी हे आयुष्य नाकारलं. नाकारून काय केलं, तर नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलमध्ये नर्सिंगचं शिक्षण घेतलं. आज हे वाक्य साधं वाटतं. तेव्हा ते साधं नव्हतं. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकारानं १८८५ साली एक फंड उभा राहिला होता. पुरुष डॉक्टरला हात लावू न देणाऱ्या भारतीय बायकांपर्यंत उपचार पोहोचावेत, म्हणून बायकांनाच डॉक्टर, नर्स आणि मिडवाइफ म्हणून तयार करायचं, असा त्याचा हेतू. त्यातून ठिकठिकाणी डफरिन हॉस्पिटलं निघाली. पण तिथे शिकायला येणार कोण? सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांच्या दृष्टीनं हे काम विटाळाचं. रक्त, मलमूत्र, कोणत्याही जातीच्या बाईला हात लावायचा, त्यात बाळंतपण म्हणजे सोयर. म्हणून नर्सिंगमध्ये तेव्हा बहुतेक ख्रिश्चन आणि अँग्लो-इंडियन मुलीच असत. अशा वेळी मोहोनी-होस्पेटांच्या घरातल्या तरुण विधवेनं हे काम शिकायचं, म्हणजे लोकांच्या बोलण्याला किती तोंड द्यावं लागलं असेल, याची कल्पना केलेली बरी.

काळही कसला होता! १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या भागांत आपला मध्य प्रांत होता. नागपूर तेव्हा या प्रांताची राजधानी. १९२० च्या डिसेंबरात इथेच काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. सरकारी शाळा सोडा, कोर्टं सोडा, आपलं आपण उभं करा, असं वारं शहरात होतं.

डफरिनमध्ये कमलाताईंची वेणूताई नेन्यांशी गाठ पडली. इंग्रज वरिष्ठांकडून भारतीय बायकांना मिळणारी वागणूक दोघींना सहन झाली नाही आणि त्यांनी नोकरी सोडली, असं सांगितलं जातं. नोकरी सोडणारे त्या वर्षी पुष्कळ होते. या दोघींचं वेगळेपण असं, की त्या नोकरी सोडून घरी बसल्या नाहीत. १९२१ साली सीताबर्डीवर त्यांनी चार खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं. दोघींपैकी एकही डॉक्टर नव्हती.

हे किती मोठं होतं ते समजायला तेव्हाचं बाळंतपण डोळ्यांपुढे आणावं लागेल. घरातली सगळ्यात अंधारी खोली, खिडक्या बंद, शेगडीचा धूर. हाताशी एक सुईण, जिच्याकडे अनुभव भरपूर पण जंतू म्हणजे काय हे तिला कोणी सांगितलेलं नाही. नाळ कापायला जे हत्यार मिळेल ते. त्यातून बाळाला धनुर्वात आणि आईला बाळंतरोगाचा ताप. त्या काळात आपल्या देशात जन्मलेल्या दर पाच बाळांपैकी साधारण एक बाळ पहिला वाढदिवस बघत नव्हतं. आज हा आकडा हजारी तीसच्याही खाली आला आहे.

आणि या नर्सेसजवळ उपाय काय होते? पेनिसिलिनचा शोध लागायचा होता १९२८ ला, आणि ते औषध म्हणून मिळायला पुढे आणखी दीड दशक जायचं होतं. सल्फाची औषधं तिशीच्या दशकातली. रक्तपेढी नाही, सोनोग्राफी नाही. मग होतं काय? उकळलेलं पाणी, साबण, जंतुनाशक, उकळून घेतलेली कात्री, पोटावर ठेवून बाळाचे ठोके ऐकायची नळी, हातावरचं घड्याळ आणि शिकलेले हात. व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ मध्येच दाखवून दिलं होतं की नुसते हात नीट धुतले तरी बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी होतात. म्हणजे ज्या काळात औषधं नव्हती, त्या काळात स्वच्छता हेच औषध होतं आणि ते औषध पूर्णपणे नर्सच्या हातात होतं. शिवाय एक निर्णयही तिच्याच हातात. बाळंतपण सरळ चाललंय की अडलंय? थांबायचं की डॉक्टरला बोलवायचं? रात्री दोन वाजता हे ठरवायला दुसरं कोणी नसतं.

हे मला नीट कळलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क चांगले असताना तिनं नर्सिंग निवडलं म्हणून घरी दोन महिने अबोला होता. आपल्या मनीषनगरच्या होस्टेलवर ती एकदा मुक्कामाला आली असताना तिनं माझ्या असाइनमेंटच्या ग्राफ पेपरवर मला पार्टोग्राफ काढून दाखवला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं ते. तासाला एक सेंटिमीटर या हिशोबानं एक तिरकी रेघ असते, ती सावधानतेची. तिच्या उजवीकडे चार तासांवर दुसरी रेघ, ती कृतीची. बाळाचे ठोके, आईची नाडी, कळा, सगळं त्याच कागदावर भरत जायचं. आलेख पहिल्या रेघेच्या पलीकडे सरकला की सावध व्हायचं, दुसरीला पोहोचला की हालचाल करायची. मी म्हटलं, अगं हा तर आमचा कंट्रोल चार्ट! क्वालिटी कंट्रोलच्या पेपरात आपण जे दहा मार्कांसाठी काढतो, ते ही मुलगी एका जिवंत बाईच्या उशाशी बसून काढते. चूक झाली तर इथे एटीकेटी नाही. हा पार्टोग्राफ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. १९२१ मध्ये कागदावर छापलेल्या रेघा नव्हत्या. कमलाताईंसारख्या नर्सेसना त्या डोक्यात वागवाव्या लागत.

चार खाटांचं ते प्रसूतिगृह वाढत गेलं. नागपुरातल्या दुसऱ्या भागांत, मग विदर्भातल्या आणि आताच्या मध्य प्रदेशातल्या गावांत शाखा निघाल्या. नर्सेसना शिकवण्याचं काम सुरू झालं. म्हणजे कमलाताईंनी नुसती बाळंतपणं केली नाहीत, बाळंतपणं करणाऱ्या बाया तयार केल्या. त्यात एकट्या पडलेल्या, घरानं टाकलेल्या बायकांना स्वतःच्या पायावर उभं राहायचा रस्ता मिळाला, हा त्याचा दुसरा अर्थ. जी वाट त्यांना एकटीला शोधावी लागली, ती त्यांनी मागून येणाऱ्यांसाठी बांधून ठेवली.

आणि काम बाळंतपणापाशी थांबलं नाही. मतिमंद मुलांसाठी नंदनवन, अपंग मुलांसाठी स्नेहांगण, वृद्धांसाठी पंचवटी अशा संस्था मातृसेवा संघाच्या झाडाला फुटत गेल्या. १९५८ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारं महाविद्यालयही निघालं. जन्मापासून म्हातारपणापर्यंत जिथे जिथे माणसाला दुसऱ्याच्या हाताची गरज लागते, तिथे तिथे ही संस्था पोहोचली. १९६१ साली भारत सरकारनं कमलाताईंना पद्मश्री दिली. १९८१ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या. तोपर्यंत संस्थेला साठ वर्षं झाली होती. २०२१ मध्ये मातृसेवा संघाची शंभरी झाली.

आता थोडं आजचं. 'नर्स प्रॅक्टिशनर' हा शब्द आपल्याकडे अलीकडे ऐकू येऊ लागलाय. म्हणजे जादा शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणारी, ठरवून दिलेल्या मर्यादेत स्वतः निर्णय घेणारी नर्स. अमेरिकेत याची सुरुवात १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात झाली. लॉरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, अशा दोघांनी मिळून तो कोर्स सुरू केला. खेड्यापाड्यांत डॉक्टर पोहोचत नाहीत, मग नर्सलाच अधिक शिकवू, हा विचार त्यामागे होता. आपल्याकडे अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर कोर्स आला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार अनुभवी नर्सला अठरा महिन्यांचं प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' तयार करायची आणि सरळसाध्या बाळंतपणांचे विभाग तिच्याकडे सोपवायचे, गुंतागुंत असेल तिथे डॉक्टर. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवाइफरीसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदाही झाला.

मावसबहिणीला याच वाटेनं जायचं आहे. तिनं हे घरी सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न आला, डॉक्टर नसताना नर्सवर कोण भरवसा ठेवणार? मला वाटतं या प्रश्नाचं उत्तर आपल्या शहरानं १९२१ मध्येच देऊन ठेवलंय. ज्या बायका डफरिनच्या डॉक्टरणींकडे जाऊ शकत होत्या, त्यांतल्या कित्येक बर्डीवरच्या चार खाटांकडे आल्या. नंतर त्यांच्या सुना आल्या, मग नाती आल्या. भरवसा पदवीच्या अक्षरांवर बसत नाही असं नाही, बसतोच. पण तो टिकतो तो हातावर. आणि पदवीच हवी असेल तर आता तीही मिळते आहे.

अर्थात सगळं गोड नाही. कोर्स आले तरी शिकून बाहेर पडणाऱ्या नर्सला खरोखर निर्णय घेऊ दिले जातील का, पगार त्या जबाबदारीला शोभेल असा मिळेल का, हे प्रश्न मावसबहिणीच्या वर्गात रोज चघळले जातात. कोविडच्या दिवसांत आपण नर्सेससाठी गॅलरीत उभं राहून टाळ्या वाजवल्या. गंमत म्हणजे नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून तेच २०२० साल जागतिक आरोग्य संघटनेनं नर्स आणि मिडवाइफचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेलं होतं. टाळ्या संपल्या. आता वेळ आहे त्यांना काम करू द्यायची.

सेमिस्टर संपलं की जयप्रकाशनगर स्टेशनावरून मेट्रो पकडून आपण सगळे बर्डीला जातो. मोमो खातो, सेलमधले टी-शर्ट घेतो, परत येतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा एवढंच आठवा, की याच गर्दीच्या बर्डीवर आपल्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या दोन मुलींनी चार खाटा मांडल्या होत्या. त्यांच्याकडे ना भांडवल होतं, ना प्लेसमेंट सेल, ना कोणाची परवानगी मागायची सवय. होती ती फक्त शिकलेली विद्या आणि ती वापरायची हिंमत.

पद्मश्री कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांना आपल्या होस्टेलच्या वतीनं मनःपूर्वक अभिवादन!