आईने शब्द टाकला...

मुलाने हट्ट धरला आणि वडील नाही म्हणाले, की मधे पडायचं काम आपलंच असतं, हो ना मैत्रिणींनो? सहलीचे पैसे असोत, नाहीतर मोटारसायकल. मीही कितीदा ह्यांची समजूत घातली आहे. म्हणूनच जर्मन चित्रकार केटे कोलविट्झ यांची हकिगत वाचली, तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

केटेचा जन्म १८६७चा. नवरा कार्ल डॉक्टर, बर्लिनच्या कामगार वस्तीत दवाखाना. तिथे येणाऱ्या खंगलेल्या बायका, त्यांची आजारी पोरं, हेच तिच्या चित्रांचे विषय झाले.

ऑगस्ट १९१४मध्ये महायुद्ध पेटलं. धाकटा पेटर अवघा अठरा वर्षांचा. सैन्यात जाणारच, म्हणून हटून बसला. वय कमी, त्यामुळे वडिलांची परवानगी हवी. कार्ल ठाम नाही म्हणाले. पेटरने आईकडे पाहिलं आणि आई उठली. तिनेच नवऱ्याचं मन वळवलं. ऑक्टोबरमध्ये बेल्जियमच्या आघाडीवर पेटर मारला गेला.

आपण शब्द टाकला नसता तर... हे ओझं घेऊन ती जगली. त्याच वर्षी तिने मुलाच्या स्मारकाचा विचार सुरू केला. केलेलं काम मोडायची, पुन्हा सुरू करायची. पूर्ण व्हायला १९३२ साल उजाडलं!

दरम्यान जर्मनीत काय चाललं होतं? पराभव, तहातली जाचक नुकसानभरपाई, उपासमार. १९२३मध्ये तर एका डॉलरला चार लाख कोटी मार्क मोजायची पाळी आली. आयुष्यभराच्या बचतीत धड पावही येईना. घर चालवणाऱ्या बाईलाच कळेल हे! केटेने भुकेल्या मुलांची चित्रं काढली, १९२४मध्ये युद्धविरोधी भित्तिचित्र केलं. पण १९३२पर्यंत साठ लाख लोक बेकार झाले होते आणि त्यांच्या संतापावर हिटलर मोठा होत होता. त्याला रोखायला डाव्या पक्षांनी एकत्र यावं, या आवाहनावर तिने सही केली. १९३३मध्ये सत्ता हिटलरकडे गेली आणि केटेला कला अकादमीतून बाहेर पडावं लागलं. या अकादमीवर निवडून आलेली ती पहिली बाई होती. पुढे गुप्त पोलीस घरी येऊन छळछावणीची धमकी देऊन गेले.

आणि पुन्हा युद्ध. १९४०मध्ये कार्ल गेले. थोरल्या हान्सच्या मुलाचं नाव काकाचंच, पेटर. तो १९४२मध्ये रशियात मारला गेला. त्या सुमाराला केटेने एक चित्र काढलं होतं. म्हातारी आई पोरांना हातांखाली दडवून उभी आहे आणि पोरं मात्र मिस्कीलपणे बाहेर डोकावताहेत. १९४३मध्ये बॉम्बहल्ल्यात राहतं घर गेलं, कितीतरी चित्रं जळाली. २२ एप्रिल १९४५ला ती वारली. युरोपातलं युद्ध थांबायला जेमतेम दोन आठवडे उरले होते.

पेटरचं स्मारक आज बेल्जियममध्ये व्लाड्स्लो इथे आहे. पंचवीस हजारांहून जास्त जर्मन सैनिक तिथे पुरलेले आहेत. त्यांच्यासमोर गुडघे टेकलेले आई-बाप, दोन वेगवेगळ्या दगडांचे. चेहरे केटे आणि कार्लचेच. बाप ताठ, स्वतःलाच मिठी मारलेला, नजर पेटरचं नाव असलेल्या दगडाकडे. आईची मान मात्र खाली गेलेली आहे.