जेम्स हँगर

सन 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्धाचा वणवा पेटला. गुलामगिरीच्या प्रश्नावरून उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्ये एकमेकांविरुद्ध उभी ठाकली. व्हर्जिनिया राज्यातील जेम्स एडवर्ड हँगर हा 18 वर्षांचा तरुण त्या वेळी अभियांत्रिकीचे शिक्षण घेत होता. अभ्यास अर्धा टाकून तो दक्षिणेच्या सैन्यात दाखल झाला.

3 जून रोजी पहाटे फिलिपी गावी तोफा धडाडल्या. घोडा आणण्यासाठी हँगर तबेल्याकडे धावला. तोच तोफेचा एक गोळा जमिनीवर आपटून उसळला आणि त्याच्या डाव्या पायावर आदळला. शत्रुपक्षाच्या शल्यवैद्याने तो पाय गुडघ्याच्या वर कापून त्याचे प्राण वाचविले.

कैदेतून सुटून तो घरी परतला, तेव्हा त्याच्या मांडीला एक ताठ लाकडी खुंट बांधलेला होता. खुंट वाकत नसे. पावलोपावली त्याचा जाच होई. हँगरने स्वतःला खोलीत कोंडून घेतले. मुलगा दुःखाने खचला, असे घरच्यांना वाटले. तो मागेल ते लाकूड व हत्यारे ते मुकाट्याने पुरवीत राहिले.

आत हँगर विचार करीत होता. पाऊल उचलताना गुडघा वाकतो, शरीराचा भार पडताच तो सरळ राहतो, घोटाही हलतो. हे सारे लाकडाला कसे साधावे? त्याने पिंपाच्या फळ्या व विलो वृक्षाचे लाकूड तासून पाय घडविला आणि गुडघ्याच्या व घोट्याच्या जागी बिजागऱ्या बसविल्या. काही महिन्यांनी एके दिवशी तो आपल्या पायांनी जिना उतरून खाली आला. घरची माणसे थक्क झाली!

ही वार्ता पसरताच पाय गमावलेले अन्य सैनिक त्याच्याकडे येऊ लागले. त्याने कारखाना काढला. घोट्याचे धक्के सौम्य व्हावेत म्हणून त्याने रबराचा उपयोग केला. 1871 मध्ये त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, तो युरोपात गेला; लंडन व पॅरिस येथेही त्याचे पाय तयार होऊ लागले. 1919 मध्ये त्याचे निधन झाले.

आपल्याकडे 1944 मध्ये पुणे येथे जायबंदी सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. अशा केंद्रातील प्रत्येक कारागिराला आधी हेच जाणून घ्यावे लागते, की अवयव वापरणाऱ्याला तो कोठे बोचतो. हँगरला ते स्वतःच्या देहानेच शिकविले होते.