चेहरा वाचणारा नादार

नादार हा शब्द आपल्याकडे कोणी चांगल्या अर्थाने घेत नाही. कर्ज फेडता न येणारा तो नादार, आणि शाळेची फी माफ व्हावी म्हणून करायचा तो नादारीचा अर्ज. पण फ्रान्समध्ये याच नावाचा एक थोर छायाचित्रकार होऊन गेला आणि गंमत अशी, की तोही 1850 साली कर्जापायी तुरुंगात गेला होता!

त्याचे खरे नाव गास्पार-फेलिक्स तूर्नाशों. जन्म पॅरिसमध्ये, 1820 साली. वडील पुस्तके छापून प्रसिद्ध करीत. तो धंदा बुडाला, आणि मुलगा ऐन उमेदीत असताना वडीलही गेले. विधवा आई आणि धाकटा भाऊ आद्रिएँ यांचा भार फेलिक्सवर पडला. वैद्यकीचे शिक्षण सुटले. वर्तमानपत्रांतून मिळेल ते लिहून तो पोट भरू लागला. मित्रमंडळी थट्टेने शब्दांना वेडीवाकडी शेपटे जोडीत, त्यातून तूर्नाशोंचा तूर्नादार झाला आणि पुढे नुसता नादार उरला.

लेखणीपेक्षा त्याला पेन्सिल अधिक वश होती. ‘शारिवारी’ या विनोदी पत्रात तो व्यंगचित्रे काढू लागला. 1849 साली त्याने ‘मोस्यू रेआक’ नावाच्या एका संधिसाधू गृहस्थाची कथा चित्रामागून चित्र जोडून रंगवली. आज मुले ज्याला कॉमिक म्हणतात, त्याचाच हा एक पूर्वज. 1854 साली त्याने याहून मोठे साहस केले. पॅरिसमधील साहित्यिकांची दिंडीच त्याने एका कागदावर उतरवली. मोठाली डोकी, चिमुकले देह, अशी सुमारे 250 माणसे! अग्रभागी मात्र लेखिका जॉर्ज सांद हिचा अर्धपुतळा होता. अशी चार चित्रे काढून हजार माणसे रेखाटण्याचा बेत होता, पण पहिल्याच चित्रात पैसा गेला आणि बेत तिथेच संपला.

पैसा गेला, पण एक विद्या हाती आली. व्यंगचित्रकार चेहऱ्यावरचे सारेच काढीत बसत नाही. एखादी भुवई, ओठांची एखादी मुरड, मान कलण्याची लकब यांतून तो माणूस पकडतो आणि बाकीचे सोडून देतो. काय सोडावे हे ज्याला कळते, तोच हा खेळ खेळू शकतो. रेखाटनांना मदत व्हावी या हेतूनेही नादारने कॅमेऱ्याला हात घातला, आणि कॅमेरा त्याला सोडीना. नाव कोणी वापरावे यावरून सख्ख्या भावाशी खटला झाला. तो 1857 साली नादारने जिंकला. छायाचित्रणाची कृती थोड्या वेळात शिकता येते, परंतु उजेडाची जाण आणि समोरच्या माणसाची पारख शिकवून येत नाही, असे त्याचे त्या वेळचे म्हणणे होते.

आता त्या काळचे पॅरिस पाहा. 1858 साली वर्थ नावाच्या इंग्रज शिंप्याने रू द ला पे या रस्त्यावर आपली पेढी उघडली. मापावर बेतून हाताने शिवलेल्या, अतिशय महागड्या पोशाखांची जी कला पुढे ‘ओत कुत्यूर’ म्हणून जगभर गाजली, तिचा हा आरंभ मानतात. सम्राज्ञी युजेनी त्याची गिऱ्हाईक झाली. पोलादी कड्यांवर फुगवलेल्या घेरदार पोशाखांनी दिवाणखाने भरून गेले. इतर छायाचित्रकार मागे रंगवलेले पडदे, शेजारी खांब नि मखमली खुर्च्या मांडून हा थाट टिपत होते.

1860 साली नादारने जवळच, बुलव्हार दे काप्युसीनवर, मोठा स्टुडिओ थाटला. तिथे झगमगाटाला मात्र जागा नव्हती. साधी पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा मऊ उजेड, आणि गप्पा मारता मारता सैल झालेला माणूस, एवढीच त्याची सामग्री. 1864 च्या सुमारास सारा बर्नार्ड नावाची नवखी तरुण नटी त्याच्याकडे आली. पुढे साऱ्या जगाने तिला डोक्यावर घेतले. नादारने तिला नुसते एक जाड वस्त्र लपेटून बसवले. आपल्यापैकी ज्या शिवणकाम करतात त्यांनी ते चित्र अवश्य पाहावे. त्यात शिंप्याची करामत नाही, आहे ती फक्त कापडाच्या घड्यांची आणि विचारात गढलेल्या चेहऱ्याची. जॉर्ज सांदही त्याच वर्षी त्याच्या कॅमेऱ्यापुढे बसली.

घरात मात्र पुढे दुसरा वारा शिरला. मुलगा पोल याने स्टुडिओ सांभाळला, आणि नटनट्या व उमराव स्त्रिया यांचे उंची पोशाख तो हौसेने टिपू लागला. 1896 साली काउंटेस ग्रेफ्यूल हिचे वर्थच्या पेढीच्या, लिलीची फुले असलेल्या पोशाखातले त्याने घेतलेले चित्र फार नावाजले गेले. तेही चित्र देखणेच आहे, पण त्यात नजर आधी पोशाखावर जाते.

नादारच्या पत्नीविषयी सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होणार नाही. एर्नेस्तिनशी त्याचे लग्न 1854 साली झाले. नवऱ्याला विमानविद्येचा छंद! 1863 साली त्याचा ‘जेआँ’ हा प्रचंड फुगा हानोव्हरजवळ जमिनीवर आपटत फरफटत गेला. त्यात तीही होती, आणि दोघेही जखमी झाली. कर्ज, खटले, फुगे, सारे तिने सोसले. उतारवयात तिला पक्षाघात झाला, तेव्हा नादारने तिची सेवा केली. 1890 च्या सुमारासचे तिचे एक चित्र आहे. पांढरे केस, अंगावर साधे वस्त्र, ओठांशी धरलेली व्हायोलेटची फुले. 1909 साली ती गेली, आणि 1910 च्या मार्चमध्ये नव्वदीच्या उंबरठ्यावर नादारही गेला.

घरी फोटो काढायचा म्हटले, की आपण पेटीतला शालू आणि डब्यातले दागिने काढतो. त्यात गैर काहीच नाही. पण पुष्कळ वर्षांनी तोच फोटो हाती येतो, तेव्हा शालू कोणता होता हे कोण पाहतो? आपण आईचे डोळे शोधतो, आजीचे हसू शोधतो. नादारने ते आधीच ओळखले होते.