मेरी अँडरसन (संशोधिका)

मेरी अँडरसन (१९ फेब्रुवारी, इ.स. १८६६:ग्रीन काउंटी, अलाबामा, अमेरिका - २७ जून, इ.स. १९५३:माँटीगल, टेनेसी, अमेरिका) या अमेरिकन संशोधिका आणि स्थावर मालमत्ता व्यावसायिक होत्या. वाहनाच्या समोरच्या काचेवरील पाऊस व बर्फ आतूनच पुसता येईल अशा उपकरणासाठी त्यांना इ.स. १९०३ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. आजच्या मोटारगाड्यांवरील वायपरचा उपयोगी ठरलेला आद्य नमुना म्हणून हे उपकरण ओळखले जाते. पेटंटची मुदत संपेपर्यंत त्यांना त्याचा कोणताही आर्थिक लाभ झाला नाही. मुदत संपल्यानंतर अल्पावधीतच वायपर हा मोटारगाडीचा अविभाज्य भाग बनला.

प्रारंभिक जीवन

मेरी अँडरसन यांचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील ग्रीन काउंटीमध्ये, बर्टन हिल नावाच्या मळ्यावर झाला. अमेरिकन यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम एक वर्ष होत होते आणि पराभूत दक्षिणेची अर्थव्यवस्था विस्कटलेली होती. इ.स. १८७० मध्ये त्यांचे वडील जॉन अँडरसन यांचे निधन झाले. त्या वेळी मेरी चार वर्षांच्या होत्या. आई रिबेका आणि बहीण फॅनी यांच्यासह त्यांचे बालपण वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेच्या उत्पन्नावर गेले.

इ.स. १८८९ मध्ये हे कुटुंब बर्मिंगहॅम या शहरात स्थायिक झाले. इ.स. १८७१ मध्ये वसलेले हे शहर लोखंड व पोलादाच्या उद्योगामुळे झपाट्याने वाढत होते. वाढत्या वस्तीला घरांची गरज होती. अँडरसन कुटुंबाने तेथील हायलँड ॲव्हेन्यूवर फेअरमाँट अपार्टमेंट्स ही भाड्याने देण्याची निवासी इमारत उभारली. या इमारतीचे व्यवस्थापन हेच पुढे मेरी यांच्या आयुष्यभराच्या उपजीविकेचे साधन ठरले.

इ.स. १८९३ मध्ये मेरी कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो येथे गेल्या. तेथे त्यांनी इ.स. १८९८ पर्यंत गुरांचा फार्म आणि द्राक्षमळा चालवला. त्यानंतर आजारी मावशीच्या शुश्रूषेसाठी त्या बर्मिंगहॅमला परतल्या. त्या आयुष्यभर अविवाहित राहिल्या. अभियांत्रिकीशी त्यांचा व्यावसायिक संबंध नव्हता, परंतु जमीन, इमारत आणि पशुधन यांचे व्यवहार स्वतः पाहण्याचा त्यांना दीर्घ अनुभव होता.

न्यू यॉर्कमधील निरीक्षण

इ.स. १९०२-०३ च्या हिवाळ्यात मेरी अँडरसन न्यू यॉर्क शहरात गेल्या असताना एका ट्रामने प्रवास करत होत्या. बर्फमिश्रित पाऊस पडत होता. ट्रामच्या समोरची काच दोन भागांची होती. त्यांवर बर्फ साचून पलीकडचे काही दिसेनासे झाल्यामुळे चालकाने दोन्ही भाग उघडे ठेवले होते. त्यामुळे रस्ता दिसत असला, तरी गार वारा आणि बर्फाचे कण थेट चालकाच्या अंगावर येत होते.

दोन भागांची काच हा त्या काळचा रूढ उपाय होता. काचेवर बर्फ साचला की चालकाने एक भाग बाजूला सारावा आणि मोकळ्या झालेल्या जागेतून पाहत वाहन चालवावे, अशी ती कल्पना होती. याखेरीज वाहन थांबवून, खाली उतरून हाताने काच पुसणे हाच मार्ग उरत असे. पहिल्या उपायात चालक गारठत असे, तर दुसऱ्यात वाहतूक खोळंबत असे आणि थोड्याच वेळात काच पुन्हा झाकली जात असे. काच न उघडता आणि वाहन न थांबवता बाहेरची बाजू आतून पुसता यावी, या दिशेने अँडरसन यांनी विचार सुरू केला.

उपकरणाची रचना

बर्मिंगहॅमला परतल्यावर अँडरसन यांनी एका आरेखकाची मदत घेतली आणि स्थानिक कारखान्यातून उपकरणाचा चालता नमुना बनवून घेतला. त्याची रचना साधी होती. चालकाच्या हाताशी, आतल्या बाजूला एक दांडा होता. तो फिरवला की त्याला जोडलेला बाहेरचा बाहू काचेवरून वर्तुळाकार कमानीत फिरत असे. या बाहूला रबराची पट्टी बसवलेली होती. स्प्रिंगमुळे बाहू पुन्हा मूळ जागी येत असे. पट्टी काचेला सर्वत्र सारखी टेकून राहावी यासाठी प्रतिभाराची, म्हणजे समतोल राखणाऱ्या वजनाची, योजना केलेली होती.

काच पुसण्यासाठी या शेवटच्या घटकाचे महत्त्व मोठे आहे. रबरी पट्टीचा दाब कमी पडला तर पाण्याचा पातळ थर काचेवर तसाच राहतो, आणि दाब असमान असला तर पुसलेल्या भागात ओघळांच्या रेषा उमटतात. पाण्याचा थेंब लहानशा भिंगाप्रमाणे प्रकाश वाकवतो, त्यामुळे अशा काचेतून समोरचे दृश्य विस्कटलेले दिसते. काच पुसण्याची उपकरणे बनवण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते, परंतु सातत्याने परिणामकारक ठरणारी रचना म्हणून अँडरसन यांच्या उपकरणाचा उल्लेख केला जातो. हिवाळा संपल्यावर हे उपकरण काढून ठेवता येत असे, जेणेकरून चांगल्या हवेत वाहनाच्या बाह्यरूपाला बाधा येऊ नये.

अँडरसन यांनी १८ जून, इ.स. १९०३ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. १० नोव्हेंबर, इ.स. १९०३ रोजी त्यांना काच पुसण्याच्या उपकरणासाठी अमेरिकन पेटंट क्रमांक ७,४३,८०१ मिळाले. पेटंटमधील वर्णन मुख्यतः ट्रामच्या चालककक्षाला अनुसरून आहे. आज हे उपकरण मोटारगाडीशी जोडले जात असले, तरी त्याचा जन्म सार्वजनिक वाहतुकीच्या गरजेतून झाला होता.

व्यावसायिक अपयश

पेटंट मिळाल्यावर अँडरसन यांनी त्याचे हक्क विकण्याचा प्रयत्न केला. इ.स. १९०५ मध्ये त्यांनी कॅनडातील माँट्रिऑल येथील डिनिंग अँड एकनस्टाइन या कंपनीशी संपर्क साधला. उपकरणाची विक्री करणे परवडावे इतके त्याचे व्यापारी मूल्य नाही, असे कळवून कंपनीने प्रस्ताव नाकारला. चालकासमोर सतत हलणाऱ्या दांड्यामुळे त्याचे लक्ष विचलित होऊन अपघात होतील, असाही आक्षेप त्या काळी घेतला जात असल्याचे सांगितले जाते.

हा नकार समजून घेण्यासाठी तत्कालीन वाहनांची स्थिती लक्षात घ्यावी लागते. अँडरसन यांच्या अर्जाच्या दोनच दिवस आधी, १६ जून, इ.स. १९०३ रोजी, फोर्ड मोटर कंपनीची स्थापना झाली होती. मोटारगाडी ही तेव्हा मोजक्या श्रीमंतांची हौस होती. बहुतेक गाड्या वरून व बाजूंनी उघड्या असत, वेग कमी असे आणि अनेक गाड्यांना समोर काचही नसे. सर्वसामान्यांच्या आवाक्यातील फोर्डची मॉडेल टी ही गाडी इ.स. १९०८ मध्ये बाजारात आली आणि इ.स. १९२७ पर्यंत तिची दीड कोटीहून अधिक संख्येने निर्मिती झाली. म्हणजेच पेटंट मिळाले त्या वेळी त्याला मोठी बाजारपेठ नव्हती, आणि बाजारपेठ तयार होत असताना पेटंटची मुदत सरत होती.

त्या काळच्या अमेरिकन कायद्यानुसार पेटंटचा हक्क ते मिळाल्यापासून १७ वर्षे टिकत असे. अँडरसन यांचे पेटंट इ.स. १९२० मध्ये संपुष्टात आले. इ.स. १९२२ मध्ये कॅडिलॅक कंपनीने आपल्या गाड्यांवर वायपर हे मूळ सामग्रीचा भाग म्हणून बसवण्यास सुरुवात केली, तेव्हा अँडरसन यांच्याकडे कोणताही कायदेशीर हक्क उरलेला नव्हता.

समकालीन व उत्तरकालीन संशोधक

वायपरच्या शोधाचे श्रेय एकट्या व्यक्तीला देता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिका आणि युरोपात अनेकांनी स्वतंत्रपणे अशी उपकरणे तयार केली. इ.स. १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवुड यांनी विजेवर चालणाऱ्या काचपुसणीचे पेटंट घेतले. तिच्यात पात्याऐवजी रूळ वापरले होते. मूकपटांच्या काळातील प्रसिद्ध अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स या ब्रिजवुड यांच्या कन्या होत. ब्रिजवुड यांच्या उपकरणालाही व्यापारी यश लाभले नाही.

त्याच वर्षी बफेलो शहरातील जॉन ओइशी यांनी पावसात गाडी चालवताना झालेल्या अपघातानंतर वायपरच्या व्यवसायात लक्ष घातले. त्यांनी स्थापन केलेली कंपनी पुढे ट्रिको या नावाने या क्षेत्रातील प्रमुख उत्पादक बनली. त्यानंतरच्या काळात इंजिनातील निर्वातावर चालणारे वायपर प्रचारात आले. त्यांचा एक मोठा दोष असा की चढावर किंवा वेग वाढवताना निर्वात कमी होई आणि नेमका तेव्हाच वायपर मंदावत असे. विजेच्या मोटरवर चालणाऱ्या वायपरांनी ही अडचण दूर केली.

थांबून थांबून चालणाऱ्या वायपरचे पेटंट रॉबर्ट कर्न्स यांना इ.स. १९६७ मध्ये मिळाले. त्यांनी मोटार उत्पादक कंपन्यांवर पेटंटभंगाचे खटले भरून मोठी नुकसानभरपाई मिळवली. हे दोन्ही दाखले वायपरच्या इतिहासात अनेकदा एकत्र मांडले जातात. कर्न्स यांच्या रचनेला पेटंट मिळाले तेव्हा प्रत्येक गाडीवर वायपर होता, त्यामुळे हक्काला किंमत होती. अँडरसन यांचा हक्क जिवंत होता तेव्हा गाड्याच थोड्या होत्या.

काचेची आतील बाजू

अँडरसन यांच्या उपकरणाने काचेच्या बाहेरील बाजूचा प्रश्न सोडवला. इ.स. १९२० च्या दशकात बंद टपाच्या गाड्या रूढ झाल्यावर आतील बाजूचा प्रश्न तीव्र झाला. प्रवाशांच्या श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून आलेले बाष्प थंड काचेवर साचून तिच्यावर धुरकट थर तयार होतो. काचेचे तापमान आतील हवेच्या दवबिंदूपेक्षा खाली गेले की हे घडते. यावर दोन उपाय संभवतात: काच गरम करणे किंवा आतील हवा कोरडी करणे.

थंड प्रदेशांत इंजिनाच्या उष्णतेने तापवलेली हवा काचेवर सोडण्याची सोय करण्यात आली. वातानुकूलन यंत्रामुळे दुसरा उपायही उपलब्ध झाला. या यंत्राच्या गार नळ्यांवर हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते गाडीबाहेर निघून जाते, त्यामुळे मिळणारी हवा कोरडी असते. म्हणूनच हिवाळ्यातही वातानुकूलन आणि गरम हवा एकाच वेळी चालू ठेवल्यास काच लवकर स्वच्छ होते. आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवल्यास तिच्यातील बाष्प वाढत जाते, त्यामुळे काच धुरकटली असता बाहेरची हवा आत घेणे हिताचे ठरते.

दमट व उष्ण हवेत, उदाहरणार्थ कोकणातील पावसाळ्यात, उलट प्रकार घडतो. गार हवेचा झोत थेट काचेवर पडल्यास काच बाहेरच्या हवेपेक्षा थंड होते आणि बाष्प बाहेरच्या बाजूवर साचते. आतून काच कितीही पुसली तरी ते जात नाही. तेव्हा झोताची दिशा बदलणे किंवा आतील तापमान थोडे वाढवणे आवश्यक असते, आणि तोपर्यंत काच स्वच्छ ठेवण्याचे काम वायपरच करतो.

उत्तरायुष्य आणि निधन

अँडरसन यांनी पुढील आयुष्य बर्मिंगहॅममध्ये फेअरमाँट अपार्टमेंट्सचे व्यवस्थापन पाहत व्यतीत केले. २७ जून, इ.स. १९५३ रोजी टेनेसी राज्यातील माँटीगल येथील उन्हाळी निवासस्थानी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बर्मिंगहॅममधील एल्मवुड दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्या निधनापर्यंत वायपर नसलेली मोटारगाडी अमेरिकेच्या रस्त्यांवर दुर्मीळ झाली होती.

सन्मान आणि वारसा

इ.स. २०११ मध्ये अमेरिकेतील नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये मेरी अँडरसन यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला. पेटंट मिळाल्यानंतर १०८ वर्षांनी झालेला हा सन्मान होता.

आता अनेक देशांत वायपर ही केवळ सोय न राहता कायदेशीर आवश्यकता आहे. भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही समोरची काच असलेल्या वाहनांवर कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक केले आहे. काही वाहनांना यातून सूट आहे. विजेच्या मोटरा, वेगनियंत्रण आणि पाऊस ओळखणारे संवेदक यांची भर पडली असली, तरी काचेला टेकून कमानीत फिरणारी रबरी पट्टी हे मूळ तत्त्व आजही बहुतेक वाहनांत कायम आहे.